शुक्रवारचं रीडिंग

नगर,
रविवार, २२ नोव्हेंबर १९९८

प्रिय महेंद्र,

तुला आणि सायलीला सप्रेम जयभीम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि उत्तर लिहायला आज रविवार उजाडला, यावरूनच समज की लिहायला बसणं मला सोपं गेलेलं नाही. ओमानच्या कंपनीला पाच डिसेंबरच्या आत होकार कळवायचा आहे, करार तीन वर्षांचा आहे, मधे एकदाच सुट्टी मिळेल, हे सगळं वाचलं. दसऱ्याला आबांना पाहिलं, ठणठणीत होते, म्हणून मनाला घोर नाही. तरी अक्का, तुझ्याकडून एकदा ऐकायचंय, असं तू लिहिलंस. ते उत्तर मी देणारच आहे. पण आधी माझ्या कामावरची एक गोष्ट ऐक. मी विषय टाळतेय असं वाटेल, वाटू दे. लहानपणीही कडू औषध पाजायच्या आधी मी तुला गोष्टच सांगायचे आणि तू दोन्ही मुकाट्याने गिळायचास.

आमचा सुप्याचा कारखाना मुळात बॅटरी चार्जर बनवतो हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्या साहेबांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, दिल्लीच्या एका खात्याकडून फ्युएल सेलच्या चाचणीचं काम आणलं आणि ते माझ्या गळ्यात घातलं. दिसायला म्हणशील तर चपात्यांच्या डब्याएवढी पेटी. आत एकाला एक चिकटवलेले बारा सेल. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा, मधे कागदासारखा पातळ पडदा. वीज तयार होते आणि खालच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडतं. ना धूर, ना आवाज. आमचा ऑपरेटर पुंजाराम पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, ह्ये चालू हाय का बंद, कळायचं कसं?" कळायचं ते फक्त मीटरवर, आणि मीटर बघणं हेच माझं काम. पेटीवर ठरलेला भार ठेवायचा, दर दोन तासांनी प्रत्येक सेलचा व्होल्टेज रजिस्टरात लिहायचा आणि तिचं वय वाढेल तशी ती किती उतरत जाते ते शोधायचं. नवी असताना ती काय देते याचं कौतुक कोणीही करेल. अडीच हजार तास राबल्यावर काय देईल, हा दिल्लीचा प्रश्न होता. तू इन्स्ट्रुमेंटचा माणूस, तुला यातली गंमत कळेल. बडोद्याच्या रिफायनरीत तुम्हीही दिवसभर काटेच बघता ना?

आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, त्या दिवशी वीजच नसते. म्हणून बुधवारी संध्याकाळी पेटी बंद करायची आणि शुक्रवारी सकाळी सुरू करायची. शुक्रवारी सगळी यंत्रं पुसून घ्यायची, पुंजाराम कॉम्प्रेसरपुढे नारळ फोडणार, मग साहेबांसकट आम्ही सगळे पेटीभोवती जमणार आणि अर्ध्या तासाने पहिलं रीडिंग घेणार. नारळाशी माझं काही देणंघेणं नाही हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. खोबऱ्याशी आहे, तेही ठाऊक आहे. ते रीडिंग म्हणजे आमच्या आठवड्याची बोहनी. मीटर नुकताच तपासलेला, माणसं ताजीतवानी, कसली घाई नाही, म्हणून सगळ्यात भरवशाचं रीडिंग तेच, असं आम्ही धरून चाललो. दिल्लीला जाणाऱ्या आलेखावर आठवड्याचा एकच ठिपका असायचा, शुक्रवारचा. वीस आठवडे झाले, वीस ठिपके पडले, आणि रेघ जवळपास आडवी. सेलमागे शून्य पॉइंट अडुसष्ट व्होल्टवरून सदुसष्टवर, बस्स. साहेब म्हणायचे, "जयमालाबाई, ही म्हातारी व्हायचं नावच घेईना." साहेब खूश, दिल्ली खूश, आणि मी तर काय, हवेतच होते. माझ्या हातचे ठिपके होते ना ते!

दसऱ्याला तू येऊन गेलास, त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीहून फॅक्स आला की आजचं, आत्ताचं रीडिंग लगेच कळवा. तो बुधवार होता, संध्याकाळचे चार वाजले होते. मधल्या दिवसांचे आकडे मी रजिस्टरात नुसते उतरवायचे, शुक्रवारशी ताडून कधी बघितलेच नव्हते. आता मीटर बघितला तर साठ. आम्ही मीटर बदलला, वायरी घासल्या, हायड्रोजनचं सिलिंडर नवीन लावलं. साठच. पुंजाराम म्हणाला, "नजर लागली वो." साहेबांनी फॅक्सला उत्तर द्यायचं दोन दिवस टाळलं. शुक्रवारी पेटी सुरू केली तर बाईसाहेब पुन्हा सदुसष्ट! सगळ्यांनी हुश्श केलं, दिल्लीला सदुसष्ट कळवलं आणि बुधवारी मीटरच बिघडला होता असं ठरवून टाकलं. मला मात्र ते काही केल्या पटेना. मीटर बिघडला असता तर दोन्ही मीटर एकाच दिवशी, एकसारखे कसे बिघडतील?

त्या रविवारी दुपारी मी भाजी निवडता निवडता हे आबांना सांगितलं. त्यांना फ्युएल सेल म्हणजे काय ते कळत नाही, पण एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेला माणूस आहे. कॉटवर बसून ऐकत होते. म्हणाले, "अगं, रातभर उभी ऱ्हायलेली गाडी सकाळी कुनाचीबी चांगलीच वाटती. पासिंगला नेतानाबी सगळ्या गाड्या चांगल्याच असत्यात. गाडी डेपोत बघू न्हाई. इमामपूरच्या घाटात बघावी, दुपारची, भरलेली." एवढं बोलताना ते दोनदा थांबले. मी मेथी तशीच टाकून सगळी रजिस्टरं काढली. ती घरी आणायची नसतात, पण मी आणली होती. आलेखाचा नवा कागद घेतला आणि त्यावर फक्त बुधवार संध्याकाळचे आकडे मांडले. पहिल्या आठवड्यात सहासष्ट. मग पासष्ट. मग चौसष्ट. रेघ अशी खाली उतरत गेली की पट्टी लावायचीही गरज पडली नाही. दर गुरुवारी पेटीला विश्रांती मिळायची, तिच्या पडद्यातलं पाणी जागच्या जागी बसायचं, शुक्रवारी ती ताजी होऊन उठायची आणि नेमकी तेव्हाच आम्ही तिची परीक्षा घ्यायचो. शनिवार उजाडेपर्यंत तो ताजेपणा संपलेला असायचा. रजिस्टरात सगळं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. आलेखावर तेवढं कधी आलंच नाही.

सोमवारी साहेबांपुढे दोन्ही कागद ठेवले. त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा पाहिले, चहा गार झाला. मग म्हणाले, "म्हणजे आपण खोटं कळवलं?" मी म्हटलं, "खोटं एकही रीडिंग नाही, साहेब. शुक्रवारचंही खरंच आहे. पण तेवढ्यावरून ती थकली नाही असं म्हणायचा आपल्याला हक्क नव्हता." ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही आलेख सोबत जोडून दिल्लीला पत्र लिहायला सांगितलं. ते पत्र मीच लिहिलं, चूक आमची, असं स्पष्ट लिहून. काम राहील की जाईल ते अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी एसटीने घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही. खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि मनात एकच येत होतं, की पेटीच्या बाबतीत मी नकळत चुकले. घरात तर मी हेच गेली दोन वर्षं कळून सवरून करते आहे.

महेंद्र, तू यायची तारीख कळवतोस ना, त्या दिवसापासून आमच्या घरी तयारी सुरू होते. मी दोन दिवसांची रजा टाकते. आबांना कॉटवरून उठू देत नाही. डॉक्टरांना सांगून पायांची सूज उतरायची गोळी वाढवून घेते. घरी न्हावी बोलावते, केसांना कलप लावते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवते. माळीवाड्याच्या स्टँडवर तुला घ्यायला ते चालत येतात, असं तुला वाटतं. ते रिक्षाने येतात आणि रिक्षा कोपऱ्यावर सोडतात. तेवढी शंभर पावलं चालायला ते दोन दिवस झोपून ताकद साठवतात. दसऱ्याला तुझ्याबरोबर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, मिरवणुकीत चौकापर्यंत आले, तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" तू बसमध्ये चढलास आणि ते स्टँडच्या बाकावर बसले ते पाऊण तास उठले नाहीत. पुढचे आठ दिवस कॉटवरून हललेच नाहीत. त्यांचं हृदय थकलंय रे. डॉक्टर म्हणतात, निम्म्याहून कमी ताकदीने चालतंय. आडवं झालं की श्वास लागतो, म्हणून भिंतीला उशी लावून बसूनच झोपतात. दुपारी संडासला जाऊन आले की दाराची चौकट धरून उभे राहतात आणि मी बघू नये म्हणून माझ्याकडे पाठ करतात.

हे तुला आधी का सांगितलं नाही, तर त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. तरुणपणी त्यांना भुसावळला रेल्वेत नोकरी लागली होती आणि आजोबांच्या आजारपणापायी ती सोडावी लागली, हे ते तुझ्यापाशी कधी बोलले नाहीत. माझ्यापाशी एकदाच बोलले. "मी अडाकलो, त्यो न्हाई अडाकला पायजे. त्याच्या पायात पाय घालू नको." मी हो म्हटलं. खरं सांगू का, नुसत्या त्यांच्या शब्दासाठी म्हटलं नाही. तू येऊन हसत हसत परत गेलास की मलाही बरं वाटायचं. दोन दिवस का होईना, आपले आबा पूर्वीसारखे आहेत असं मलाही खरं वाटायचं. पण बाकीचे दिवस मी एकटी बघते आणि आता मला ते एकटीने बघवत नाही. मी थकले आहे, महेंद्र. हे लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते.

आज सकाळी शेजारच्या मालनबाईंकडे तुझा फोन आला तेव्हा यातलं काही बोलता आलं नाही, कारण आबा माझ्या शेजारीच रिसीव्हरकडे कान लावून उभे होते. म्हणून हे पत्र. ओमानला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही, तो निर्णय तुझा आणि सायलीचा. एवढंच मागते, की पाच तारखेच्या आत एकदा ये आणि या खेपेला तारीख कळवू नकोस. मलाही नको. कुठल्याही दिवशी, दुपारच्या गाडीने ये, स्टँडवर कोणी दिसणार नाही, सरळ घरी ये आणि आबांना जसे असतील तसे बघ. मग जे ठरवशील ते मला मान्य असेल. शब्द मोडला हे कळलं तर आबा माझ्यावर रागावतील, पण त्यांना हे पत्र कधीच कळणार नाही. दार मीच उघडेन आणि अगंबाई, तू कसा काय आलास, म्हणून मोठ्याने ओरडेन. तेवढं खोटं मला अजून छान जमतं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच अक्का
जयमाला