बाबांचे पिंगळे

११ जानेवारी १९८७
दोघंही होते! आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशी, अंगाला अंग लावून. नगरपालिकेच्या बागेत मी सहालाच जाऊन बसले होते. बाबा असते तर कोपर मारून म्हणाले असते, "हालू नको गो, ते आपल्याक मोजतात." पिंगळे, ही बुटकी घुबडं, माना वरखाली करून बघतात ना, तसंच वाटतं. सात वर्षं आम्ही दोघं हे बघत आलो. आज बाकावर मी एकटी.

बाबा अठरा डिसेंबरला गेले. मला कळलं एक जानेवारीला — वास्कोहून परत येऊन घरात पाऊल टाकल्यावर! आत्याकडे राहून स्टेनोची परीक्षा देत होते. गौरेशदादा म्हणाला, "आंदोलन पेटलेलं, रस्ते बंद. तुला आणणार कसं?" त्याचं तरी काय चुकलं? कोकणी राजभाषा व्हावी म्हणून तेव्हा गोवाभर तेच चाललं होतं.

१३ जानेवारी
पिंगळ्याने नाकतोडा पायात धरून खाल्ला, आपण पाव खातो तसा. हसू आलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

१९ जानेवारी
बाजारात बाबली भेटला, वास्कोच्या बसवरचा कंडक्टर. बाबांसाठी हळहळला. मी म्हटलं, त्या दिवशी बस असती तर पोचले असते. तो बघतच राहिला. "बस आशिल्ली गो बाय! अठराक हांवूच आयिल्लों वास्कोसून."

बस चालू होती, मग मला का आणलं नाही? घरी येऊन विचारलं. दादाने मान खाली घातली. "तुझे पेपर होते. सगळं टाकून आली असतीस." म्हणजे ठरवून! आई तांदूळ निवडत राहिली.

आणि आत्या! आठवडाभर तिने मासळी शिजवली नाही. विचारलं तर म्हणाली, मार्गशीर्ष आहे. सख्खा भाऊ गेलेला, आणि मला रोज विचारायची — आज अभ्यास किती झाला?

आईला म्हटलं, "परक्या बाईनेसुद्धा कळवलं असतं." ती उठून आत गेली.

५ फेब्रुवारी
काल राजभाषेचा कायदा झाला. दादा रेडिओला चिकटलेला. मी त्याच्याशी बोलत नाही. आईशीही नाही. ती वाढते, मी जेवते, उठते.

१४ फेब्रुवारी
एकच पिंगळा! दुसरा कुठे? माळी शंभू म्हणाला, "बायल भितर आसा. अंडी घातल्यात." म्हणजे मादी आत अंड्यांवर बसली आहे. तरी रडू आवरेना. हे पहिल्यांदा बाबांना सांगायचं होतं. बागेतच रडून घेतलं. घरी रडले तर आई जवळ येईल.

१५ मार्च
ढोलीतून चिरचिर आवाज. पिल्लं!

२१ मार्च
निकाल लागला. नापास.

आईसमोर कागद टाकला — "घे! यासाठी लपवलंत ना?" ती जमिनीवरच बसली. बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "आता तुमकां किते सांगू? पोरीचे पेपर जातासर कळोवं नाकात म्हणून तुमीच शपथ घातली. हांव फोन करूंक उठिल्ली, तुमी हात सोडलो ना."

बाबांनी! पेपर होईपर्यंत मला कळवायचं नाही, ही शपथ बाबांची; फोनला उठलेल्या आईचा हातही त्यांनीच धरून ठेवला. दोन महिने आईने माझं सगळं ऐकून घेतलं. एका शब्दाने बोलली नाही.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. फोटोकडे मला बघवेना.