खंडेनवमीची चकती

२२ सप्टेंबर २००३, तारिहाळ
...आणि वर अप्पा म्हणतात, हा कुठं टिकायचा नाही! टिकतो का नाही ते बघाच आता. सातवी नापास असून कंप्युटरच्या खोलीत काम मिळालंय. पंखा, चहा फुकट. भंगारातले विषारी किरण ओळखणारी यंत्रं इथं बनतात. किरण सोडणारी बटणाएवढी चकती मी यंत्रासमोर ठेवायची. आकडा किती यायला पाहिजे ते गुरुराज सर कंप्युटरात आधीच काढतात. दोन्ही जुळले की यंत्र पास. त्या हिशेबात भिंती आहेत, मीपण आहे! मी म्हणजे पाण्याचा खांब, माणसात पाणीच जास्त, म्हणाले. पोट धरून हसलो.

४ ऑक्टोबर
खंडेनवमी. सगळी हत्यारं धुतली. चकतीवर मळ होता, काथ्यानं राख लावून खरवडली, लख्ख केली. अंगठ्यानं हळदकुंकू लावलं. सरांनी हात जोडले, छलो माडिदी, झकास केलंस म्हणाले. मी त्याच हातानं पेढा खाल्ला.

९ ऑक्टोबर
आकडे जुळेनात. चकती कपाटात असली तरी यंत्र जास्तच दाखवतंय. सर म्हणाले, भिंतीच्या दगडातनं किरण येत असणार. कंप्युटरातली भिंत बदलली, आकडा जुळला, झाले मोकळे! अहो, भिंत काय काल बांधली?

१३ ऑक्टोबर
मी चहाला गेलो की आकडा उतरतो. आलो की चढतो. सरांना सांगितलं. म्हणाले, तम्मा, तू पाण्याचा खांब, तुझ्यातनं कुठले किरण? आणि हसले. हसा!

१६ ऑक्टोबर
कोपऱ्यात जुनं यंत्र पडलंय, सरांचा नवा हिशेब त्यात नाही. त्याला अंगठा दाखवला. ओरडलं. साबण, रॉकेल— उतरत नाही. पोट लावलं— जास्त ओरडलं.
तो पेढा.

१८ ऑक्टोबर
सरांची कॉलर धरली. त्यांनी नव्या यंत्रासमोर उभं केलं मला. यंत्र गप्प! बघ, काही नाही, म्हणाले. भिंतीचे समजून माझेच किरण यंत्रातनं वजा केलेत— असली वीस यंत्रं गेली बाहेर—

२१ ऑक्टोबर
ओठ फुटलेत. अप्पांचा निरोप, धाकट्या विशालला शाळेतनं काढतो, तुझ्याजवळ कामाला लावून घे. नाही! इथं पाय ठेवू देणार नाही. फी मी भरतो. पगार मिळाला, अठराशे, पन्नासाच्या नोटा. सवयीनं अंगठा जिभेला लावून मोजत बसलो— मोजता मोजता आठवलं—

२२ ऑक्टोबर
एकेक नोट काठीनं जुन्या यंत्राखाली सरकवली. मी दाराबाहेर. ओरडल्या त्या डब्यात बंद. गप्प राहिल्या तेवढ्या चिमट्यानं पाकिटात, चंदगडच्या ट्रकवाल्या उमेशकडं. बाकीचे उडवले म्हणाल अप्पा, घाला शिव्या. पण विशालला शाळेतच— फीसाठी पाठवतोय रुपये दोनशे—