पाळण्यावरच्या चिमण्या

टेंभुर्णी,
१८ जानेवारी १९७७

प्रिय बेबी,

धर्मराज येऊन गेल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे. शाळेत जाताना एक मजकूर सुचतो, परत येताना तोच खोटा वाटतो. रोजनिशीत लिहून पाहिलं, पण तिथे मी माझ्याशीच वाद घालते आणि कधी जिंकत नाही. तुझ्या सासूबाईंना वाचता येत नाही आणि धर्मराज बायकोचं पत्र फोडणारे नाहीत, एवढ्या भरवशावर पोस्टात टाकते आहे.

इकडचं सांगायचं तर कार्यानुभवाचा तास अजून माझ्याकडेच आहे. परवा मुली घरून फुटक्या बांगड्या घेऊन आल्या. ज्योतीवर काच मऊ करून एकीत एक अडकवायची, म्हणजे दारावर लावायची माळ होते, ते शिकवायचं मीच कबूल केलं होतं. मी दिवा लावला आणि विझवला. म्हटलं, आज पाढे म्हणा. पोरींनी बांगड्या फडक्यात बांधून परत नेल्या. कुणी कुरकुरलं नाही, त्याचंच वाईट वाटलं. बाईंना काय झालंय ते गावातल्या पोरींनाही ठाऊक आहे.

तुला आठवत असेल, आपल्या घरातून काही बाहेर टाकायचं तर तुझे आबा आधी मला विचारायचे. रिकाम्या काडेपेट्या चिकटवून मी केलेलं खणांचं कपाट, मासिकांच्या रंगीत कव्हरांच्या पुंगळ्या ओवून केलेला स्वयंपाकघराचा पडदा, गेलेल्या बल्बचे पोपट. लोक लग्नात भांडी द्यायचे, मी भोपळ्याच्या बियांचा मोर. शाळेतल्या पुष्पाबाईंनी तो उलटा टांगला आणि वर्षभर बदक समजून पाहुण्यांना दाखवला. आबा म्हणाले, "तुझ्या मोराचं नशीब, निदान पाण्यातला पक्षी तरी झाला." किती हसलो होतो आपण. हे लिहिताना तोंडावर हसू येतं आणि लगेच कुणी पाहिलं का, असं वाटतं.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात तू बाळंतपणाला आलीस तेव्हा मला तुझ्या खोलीचं काय करू अन काय नको झालं होतं. चुन्यात नीळ जरा जास्त घालून भिंती रंगवल्या. खिडकीला गोणपाट लावलं, त्यावर रंगीत सुतळीनं झाड विणलं; पाणी मारलं की खोली गार व्हायची आणि झाड ओलं होऊन गडद दिसायचं. मग पाळण्यावर चिमणाळं आलं. कापसाच्या बोंडांवर चिंध्या शिवलेल्या, दोऱ्यांना टांगलेल्या चिमण्या. डोळ्यांना मणी नाहीत, काळा दोरा, कारण मणी निसटून बाळाच्या तोंडात जाईल. एवढा विचार केला होता बघ.

शेजारच्या साळूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, लेकरू यायच्या आधी पाळणा सजवून राह्यल्या का? न्हाई करू असं. रुसतं ते." तू पलंगावरून म्हणालीस, "मावशी, रुसायला तरी येऊ द्या त्याला." साळूबाईंनी हसता हसता कानाच्या पाळीला हात लावला. मला गंमत वाटली. छप्पन साली माझ्या वडलांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस. त्या दिवसापासून आपण काय मानायचं आणि काय नाही, ते ठरलेलं होतं.

पुढचं तुला मी काय सांगू. नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून नीट समजावलं, असं होतं, कुणाच्या हातात नसतं. मी बी.ए. झालेली बाई, मान डोलावली. तिसऱ्या दिवशी तुझ्या सासूबाई आल्या, पाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोऱ्याला चिमण्या टांगल्या, अन लेकराच्या गळ्यात दोरा पडला." ओरडल्या नाहीत. चिमणाळं काढलं आणि चुलीत घातलं. मी एका शब्दानं अडवलं नाही. का, ते मला अजून नक्की माहीत नाही. तू आतून सगळं पाहत होतीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलतेस, आणि वडीगोद्रीला सासरी परत गेल्यापासून तेवढंही नाही.

तुझ्या सासूबाईंचं ते वाक्य मी रोजनिशीत किती वेळा खोडलं असेल. खोडता येतं, पुसत नाही. मूल पोटात होतं आणि दोरा खोलीत, यांचा संबंध काय, असं वर्गात विचारावं तसं स्वतःला विचारते. उत्तर बरोबर येतं. आणि तरी सुईत दोरा ओवताना माझा हात थांबतो. वीस वर्षं जे शिकवलं ते माझंच माझ्यापाशी टिकलं नाही, तर मी कुणाची बाई?

गुरुवारी धर्मराज शाळेत आले. व्हरांड्यात उभेच राहिले. चहा बिलकुल नको म्हणाले. "मामी, सातवा लागलाय." मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल, पण आधी भीतीच आली. मग खाली बघत म्हणाले, "मी न्हाई म्हणत, माय बी न्हाई म्हणत. तीच म्हणून राह्यली, आईला म्हणावं येऊ नको. अन काही बनवू बी नको." इतके दिवस मी सारा दोष तुझ्या सासूबाईंच्या माथी मारत होते. त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

ते गेल्यावर तुझ्या निरोपाचा अर्थ लागायला मला दोन दिवस लागले. बेबी, मी येणार नाही. काही शिवणार नाही, पाठवणार नाही, झबलंसुद्धा नाही. आबांनाही समजावून सांगितलं आहे. पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. चिमणाळं तू मागितलं होतंस, हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मधली मोठी चिमणी तू शिवलीस, आणि ती बाळाच्या डोळ्यांसमोर यावी म्हणून तिचा दोरा तूच लांब ठेवलास. तुझ्या सासूबाई बोलल्या तेव्हा तू आपल्या हातांकडे पाहिलंस. मी ते पाहिलं आणि गप्प राहिले, म्हणजे त्यांचं बोलणं माझ्यावरच राहील. वाटलं, तेवढं पुरेल. पुरलं नाही. दोऱ्यानं मूल जात नाही, हे मी शंभरदा लिहीन, पण तुला पटेल असं लिहिण्याची ताकद आता माझ्यात नाही. म्हणून निदान एवढं कर. तो दोरा मी बांधला होता. तुझं घर तेच समजतं, हे गावही तेच समजतं. तूही आता तसंच आठवायला लाग. माझा राग धर, माझं तोंड पाहू नकोस, मला चालेल. पत्र वाचून झालं की चुलीत टाक. आणि कळा सुरू होतील तेव्हा भीती वाटली, तर मनात म्हण, ते सगळं आईनं केलं होतं, आणि आई इथे नाही.

तुझीच,
आई