तलावाच्या पाळीवरचे कमळ

गुरुजी, तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा असावी. वर्गात तुम्ही प्रश्न विचारलात की उत्तर येत असूनही मी मान खाली घालायची. आणि आता, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर, कुणी न विचारता बोलू लागले आहे. पण काल मी आईबरोबर पवनीला जाऊन आले, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मन स्वस्थ होईना.

नववीचा वर्ग आहे. पवनीच्या टेकडीखाली सापडलेल्या स्तूपाविषयी तुम्ही शिकवता आहात, आणि फळ्यावर त्याच्या दगडी कठड्याचा एक खांब काढता आहात. खांबावर अर्धे कमळ. त्या वर्षात मी आपणहून हात वर केला तो तेवढाच. असे कमळ आमच्या तलावाच्या पाळीवर आहे, असे मी म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. तुम्ही हसला नाहीत. संध्याकाळी सायकल हातात धरून तुम्ही माझ्याबरोबर गावात आलात. पाळीवरची माय म्हणजे कंबरेएवढा उभा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने गुबगुबीत झालेला. धानाची पहिली लोंबी तिला वाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी कापणीला विळा लावत नाही, आणि शेंदूर चढवणाऱ्या घराखेरीज तिला कुणी शिवत नाही. एका अंगाने शेंदराचा पोपडा गळला होता. तिथे तुम्ही बोट टेकवलेत, आणि आंधळ्याने ओळखीचा चेहरा चाचपावा तशी एकेक पाकळी चाचपलीत.

तेवढ्यात गवताचा भारा घेऊन आई पाळीवर आली. "गुरुजी, मायले हात नोका लावू," ती म्हणाली. तुम्ही तत्काळ मागे सरलात, दोन्ही हात जोडलेत. कुठलाही शेंदूर खरवडू नये, जे खाली आहे ते त्या शेंदरानेच जपले आहे, एवढेच मला हळूच सांगितलेत.

त्याच पावसाळ्यात तापाने तुम्ही गेलात. गावाला कारण शोधावे लागले नाही; तुम्ही मायला हात लावला होता.  त्या वर्षापासून प्रत्येक कापणीला आई पाळीवर माझ्या नावाचा एक वेगळा नारळ फोडू लागली. लोकांना वाटे, पोरीला पहिला नंबर मिळावा म्हणून. मला ठाऊक होते की हात तुम्ही लावला असला, तरी वाट मी दाखवली होती, आणि आई माझा जीव मागून घेत होती.

मी एम. ए. व्हावे म्हणून तिने बोललेला नवस फेडायला आम्ही काल पवनीला गेलो. वैनगंगेत स्नान झाले, टेकडीवरच्या जगन्नाथाचे दर्शन झाले. देवळाच्या पायथ्याशी स्तूपाच्या रुंद विटा उघड्या पडलेल्या, आणि पलीकडे एक तुटका खांब आडवा ठेवलेला. त्यावर तेच कमळ. आई थबकली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझा दंड घट्ट धरला.

पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी तिथे आली. दुरून पायी स्तूपाच्या दर्शनाला आलेली असावी. पायांवर धूळ होती. तिने खांबावर दोन्ही तळवे ठेवले, कपाळ टेकवले, आणि मग त्यालाच पाठ लावून खुशाल बसली. आईला राहवले नाही.

"बाई, ह्याले हात लावला तं चालते का?"

"हात लावालेच तं आलो एवढ्या दुरून," म्हातारी म्हणाली. "पाय दुखून राहिले, म्हून टेकलो बी. भगवान काही रागावत नाही. बस ना तू बी."

आई बसली नाही. बराच वेळ उभी राहिली, मग वाकून तिने एका पाकळीवर बोट टेकवले. अगदी तुमच्यासारखे. ते पाहून माझ्या छातीवरचे काहीतरी उतरले. किती वर्षांचे होते, ते उतरल्यावरच कळले.

परतीच्या एस. टी.त ती खिडकीशी बसली होती. लाखांदूर जवळ आले तेव्हा बाहेर पाहतच म्हणाली, "मंग गुरुजी आपल्या तापानंच गेले असतीन." मी होय म्हटले. थोड्या वेळाने पुन्हा तिचा आवाज आला. "औंदा तुह्या नावाचा नारळ नाही फोडत. औंदाचा गुरुजीच्या नावानं."

म्हणून हे पत्र. ते पाठवायला पत्ता नाही. इतिहासाच्या पुस्तकात ठेवून देईन. एक मात्र कबूल करते. इतिहासात पहिली आलेली तुमची ही विद्यार्थिनी दर वर्षी त्या नारळाचा तुकडा मुकाट्याने खात असे, आणि खाल्ल्यावर तिलाही जरा बरे वाटत असे.

पत्रलेखनात तारीख विसरली की तुम्ही अर्धा गुण कापायचात. तेव्हा, पुस्तक मिटते आहे ती वेळ: १० फेब्रुवारी १९८६, सकाळी सव्वासात.