झोक्याची दोरी

प्रिय वर्षाली,

डोक्याचे टाके निघाले अन् तू नाचणगावले आईजवळ सवताच्या हातानं जेवून राह्यली, हे ऐकून लय बरं वाटलं. केस भादरले म्हनून रडू नको. तुह्या त्या लांब वेनीचा मले तसाही रागच होता.

गोदामातले रॅक आता भिंतीले आवळले. जड खोके खालच्या फळीवर आले. खोकं नीट ठेवलं नाई म्हनून प्रेमदासभाऊ हमालाले काढलं होतं, त्याले मधुकरराव सुपरवायझरनं परत बलावलं. प्रेमदासभाऊ माह्याशी बोलत नाई, पन माह्या मितूले उचलून घेते. लेकरं ठेवाले आता वजनकाट्याजवळची रिकामी खोली दिली.

तुह्या मायनं सांगतलं का तुले त्या दिवसाचं काहीच आठवत नाई. डब्बा खाल्ला, अन् मंग एकदम दवाखाना. खरं सांगू? ते ऐकून मले पहिले हलकं वाटलं. मंग त्या हलकं वाटन्याचीच लाज वाटली.

तर आता मी सांगून राह्यली. जेवल्यावर आपून बियान्याच्या पुड्या भरून राह्यलो होतो. मितूचा झोका मी रॅकच्या खांबाले बांधला होता. हे गोदाम आहे का बाळंतिनीची खोली, असं मधुकरराव रोज वरडे. पन घरी तिले पाहाले कोन आहे? दोरी पायाच्या अंगठ्याले अटकवून मी झोका देऊन राह्यली होती. दर झोक्याले रॅक हाले. वरचं खोकं सरकत कडेले आलं, ते मले दिसलं नाई, तुले दिसलं. तू धावली अन् झोक्यावर वाकली. मितूले साधा ओरखडा नाई. तुह्या डोक्यातून रक्त आलं.

दवाखान्यात तुले नेलं अन् मी पहिले झोका सोडून पिशवीत कोंबला. प्रेमदासभाऊचं नाव निंघालं, तरी गप. भेव वाटे, काम गेलं त मितूले काय खाऊ घालू? मंगळवारी मधुकररावले सारं सांगून टाकलं. तो मले लय रागावला, पन हाकललं नाई.

फोनवर मले निस्तं रडू येते, म्हनून लिहिलं. तू आठवून मले माफ करावं असं नाई. तुले आठवत नाई, तरी माहीत असावं. ह्या रविवारी मितूले घेऊन तुह्याकडे येऊ का? माहं तोंड पाहाचं नसन त फोन करून नको म्हनजो. फोन नाई आला त सकाळच्या बसनं निंघू.

तुहीच,
मोनाली