मागच्या खोलीचा दाखला

२ मे

आज सामानासकट द्रेनोवित्सा गावातल्या घरात आले. नवऱ्याने, कामेनने, खाटा जोडल्या, चूल पेटवून पाहिली आणि लगेच मालाचा ट्रक घेऊन जर्मनीच्या वाटेला लागला. जाताना पोटावर हात ठेवून आतल्याला म्हणाला, आईला छळू नकोस रे, ते काम माझं आहे. इतक्या वर्षांनी, इतके दवाखाने झाल्यावर हे पोर टिकलंय, त्यामुळे मी हल्ली शिंकतेसुद्धा जपून. सोफियातल्या आमच्या घरात ऊन फक्त समोरच्यांकडे यायचं. इथली मागची खोली दिवसभर उन्हाने भरलेली असते. द्राक्षं काढायच्या सुमारास बाळ येईल, त्याचा पाळणा तिथेच. इथे कुणी गेलं की फाटकावर कागद लावतात; जुन्या मालकांच्या निधनाचे कागद अजून चिकटलेले होते. ओल्या फडक्याने खरवडून काढले आणि फाटकाला निळा रंग दिला. फार बरं वाटलं.

६ मे

नगरपालिकेचं पत्र. मागची खोली त्यांच्या नकाशात नाही, सबब ती बेकायदा, आणि उन्हाळा संपायच्या आत पाडायची. घर पाहावं बांधून म्हणतात. विकत घेऊनही पाहावं. बांधकाम खात्यात गेले आणि घराची जुनी फाईल मागितली. तिथे त्सोन्का नावाच्या बाई बसतात. मी कवळ्या बनवणारी, माणसाचे दात आधी बघते. हिचे स्वतःचे आहेत आणि ती ते सढळ हाताने दाखवते. अर्जावर शिक्का मारून म्हणाली, अगं इस्क्रा, अर्ज दे, पण जीव टांगून बसू नकोस. तळघरात पाणी शिरलं त्या साली निम्म्या गावाचे नकाशे बेडकांनी वाचलेत.

१४ मे

फाईल मिळाली. घराचा नकाशा आहे, मागच्या खोलीचा नाही. मी तिथल्या तिथे रडले, पोटुशी बाई कुठेही रडते. त्सोन्काने कॉफी दिली आणि वाट दाखवली. बांधकाम पुरेसं जुनं असेल तर परवाना नसला तरी नगरपालिका ते 'सहन केल्याचा दाखला' देते, मग पाडता येत नाही. मी विचारलं, नवऱ्यासाठी मिळतो का असला दाखला? ती म्हणाली, मिळतो गं, पण रोज सकाळी नवा काढावा लागतो. खोली बांधणारा गवंडी व्लायकोकाका अजून आहे. त्याचा जबाब आणि भिंत थोडी फोडून आतल्या विटांचा फोटो एवढं लागेल. निघताना तिने माझा हात धरला. काम ढगाळ दिवशी करून घे, म्हणाली. का ते विचारलं तर कागद चाळत बसली.

२० मे

लख्ख ऊन पडलं होतं. ढगाची वाट बघत बसायला मला वेळ कुठे आहे? व्लायकोकाकाच्या तोंडात मोजून तीन दात. त्याला फुकट कवळी करून देणार आहे. भिंत फोडली, जुन्या छापाच्या विटा निघाल्या, फोटो झाला. विटांच्या मागून बोरूला गुंडाळलेली सुतळी निघाली. त्याच्या तळहातावर आली आणि भुगा होऊन गेली. म्हाताऱ्याने छातीवर क्रुसाची खूण केली. मग घाईघाईने चुना कालवला आणि मला म्हणाला, पोरी, भिंतीकडे पाठ कर आणि इथे उन्हात जरा उभी राहा, मला माप घ्यायचंय. मी डोळे मिटून ऊन खात उभी राहिले. मागे तो वाकून काहीतरी पुटपुटत होता. संध्याकाळच्या आत भोक बुजलं. मजुरी घेईना. असा गवंडी सोफियात शोधून सापडणार नाही.

२७ मे

थकवा जात नाही. आणखी एक गंमत म्हणजे इथले लोक आमच्या मागच्या भिंतीपाशी आले की रस्ता ओलांडून पलीकडच्या सावलीतून जातात. दुधवालीला विचारलं, तर म्हणाली, ओला चुना आणि ऊन एकत्र असलं की आम्ही तिथे उभे राहत नाही, बाई. कुणाच्या पोरानेही हे करू नये, आम्ही चालायला लागल्यापासून शिकतो. तुम्ही शहरातल्या. एवढं बोलून माझ्या पोटाकडे पाहत राहिली आणि दुधाचे पैसे न घेता गेली.

३ जून

जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन आले. बाळाचे ठोके मंद आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विश्रांती घ्या, पुन्हा पाहू. परतताना भर दुपारी अंगणात उभी राहिले. आलुबुखाराच्या झाडाची सावली काळीभोर, बादलीची काळीभोर. माझी धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. डोळे चोळले. तशीच.

मला भीती वाटते आहे. इथे लिहिते, कामेनला फोनवर सांगणार नाही.

९ जून

व्लायकोकाकाकडे गेले. त्याने काही लपवलं नाही, तेच जास्त भयंकर. म्हणाला, ती खोली उतारावर आहे, दोनदा कोसळली होती, तेव्हा सावली घालावी लागली. सुतळीने माणसाची सावली मापायची आणि ती सुतळी भिंतीत चिणायची. माणूस जातो, भिंत राहते. आधीची तुझ्या घराच्या जुन्या मालकिणीची होती. ती काढून भोक तसंच ठेवलं असतं तर छप्पर तुझ्या डोक्यावर आलं असतं. मी ओरडले, मीच का? तर शांतपणे म्हणाला, मग कोण? गावातलं कुणी उभं राहिलं असतं का? मला नातवंडं आहेत, पोरी.

कधी, एवढंच विचारलं.

द्राक्षं काढायच्या आधी, म्हणाला. मग जमिनीकडे बघत, दोन जीव होते हे माझ्या ध्यानात आलं नाही. सावली एकच दिसली.

१२ जून

भिंतीला कान लावला. आत ठोके आहेत. बारीक, भरभर. मोठ्या माणसाचे नव्हेत.

पोटात काही हलत नाही.

छिन्नी घेतली. सुतळी सापडली, पण चुन्यात मुळासारखी रुजली आहे. ओढली तर कळ थेट ओटीपोटात आली. रक्त. सोडून दिली.

१५ जून

व्लायको म्हणतो, अशी निघत नाही. दुसरी घातली तरच पहिली सुटते. कुणाचीही चालेल. मी त्याच्या तोंडावर थुंकले. त्याने पुसलं आणि चुन्याची घमेली माझ्या अंगणात ठेवून गेला.

नाही. कुणाच्या जिवावर मी —

नाही.

१८ जून

त्सोन्का स्वतः दाखला घेऊन आली. शिक्का, सही, सगळं. नगरपालिका माझी खोली सहन करते. मी म्हटलं, आत ये ना, अंगणात, कॉफी घेऊ. नवी सुतळी मुठीत होती. ती फाटकापाशी सावलीतच थांबली, हात लांब करून कागद दिला. माझी मूठ पाहिली तिने. रडत होती. म्हणाली, मी तुला नीट सांगायला हवं होतं गं, पण सांगितलं असतं तर तू भिंत फोडली नसतीस, आणि खोली गेली असती. इतकी आवडली होती ना तुला.

पोस्टमनही सावलीतून येतो. दुधवालीने येणं सोडलं.

या गावात माझ्या अंगणात उन्हात उभं राहणारं कुणी नाही.

२० जून

सावली नाही. जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, ताबडतोब या. दवाखान्यात काय करणार त्या —

भिंतीत अजून चालू आहेत ठोके. म्हणजे जिवंत आहे. म्हणजे अजून परत —

कामेनचा फोन. उद्या पोचतो.

२१ जून

आला. पाळणा घेऊन आला, स्वतः रंगवलेला.

त्याला सगळं सांगितलं तर तो हसेल. मग माझ्याकडे नीट बघेल, आणि आपणहून जाऊन उभा राहील. मला माहीत आहे. म्हणूनच सांगवत नाही.

तो बाहेर आहे. खिडकीतून दिसतोय. दाखला मिळाला म्हणून खूश आहे. भिंतीवर थाप मारली, म्हणाला, काय गं, मजबूत आहे की. आता भिंतीकडे पाठ करून उभा आहे, तोंडावर ऊन, डोळे मिटलेले. सावली किती मोठी आहे त्याची, किती काळी —

चुना कालवून ठेवलाय.

आत्ता विचारतोय, फोटो काढतेस ना आमचा, माझा आणि बाळाच्या खोलीचा?

म्हटलं हो. म्हटलं, तिथेच राहा, हलू नकोस, मी आलेच —