कार्डाची मागची बाजू

४ जुलै
विश्वस्तांची बैठक. अध्यक्ष म्हणाले, ग्रंथालय ऑनलाइन दिसलं पाहिजे. म्हटलं, दिसतंच आहे, बनारसात बालाजी घाटाच्या गल्लीत, पानवाल्याच्या वर. कुणी हसलं नाही. ठरलं असं: मी शिकायचं, नाहीतर पोथ्यांच्या खोलीची किल्ली शिकलेल्या माणसाकडे. सव्वीस वर्षं ती माझ्या जानव्याला आहे.

७ जुलै
शिकवणी सुरू. गुरू: भाची मृणाल, बँकेतून जेवणाच्या सुट्टीत येते. वेबवरचे दुवे एका साइटवर साठवायचे, विषयवार टॅग लावायचे. म्हणजे सूचीच की. 'वेदान्त' टॅगवर माझ्याआधी एकच जण, अगरबत्तीवाला.
"मामा, एका बोटाने कधी होणार? लंच खतम."

११ जुलै
चाळीस दुवे. मृणाल म्हणे, "नोट भी लिखा करो, खाली जागा आहे ना."
आहे खरी. म्हणजे सूचीच्या कार्डाची मागची बाजू. आमच्या जुन्या ग्रंथपालांची रीत: पुढे ग्रंथाचं नाव, मागे खरं काय ते. 'पाने ९ ते १४ वाळवीने खाल्ली.' 'दात्याने सांगितलेला काळ खोटा.' वाचणार फक्त पुढचा ग्रंथपाल.
अध्यक्षांच्या घाटांवरच्या लेखाचा दुवा ठेवला. खाली नोट: अर्धा लेख आमच्या हस्तलिखित बाड क्र. ८७ मधून उतरवलेला. उल्लेख नाही.

१६ जुलै
अध्यक्षांचा फोन. "हे जगाला सांगायची काय गरज होती?"
जगाला? मृणालला विचारलं. म्हणाली, "मामा, ते सगळं पब्लिक असतं. लॉक लावायचं असतं. मी बोलले नाही?"
नाही बोलली. मीही विचारलं नाही. कार्डाला कुलूप कोण लावतं?

१८ जुलै
पुन्हा बैठक. बाड ८७ रुमालात बांधून नेलं. कुणी सोडायला सांगितलं नाही. एक विश्वस्त, पाठशाळेतला माझा सोबती, जिन्यात म्हणाला, "अरे, खरं असेल. पण लिहायचं कशाला?"
सोमवारी अकरापर्यंत नोट पुसून 'गैरसमजातून लिहिले' असं टाकायचं, किंवा किल्ली द्यायची. मी ऑनलाइन शिकलो म्हणून अभिनंदनाचाही ठराव. सर्वानुमते.

२१ जुलै, सोमवार
मृणालचा फोन. "मामा, मिटा दो. किल्ली राहिली तर बाड तरी राहील."
पोरीचं बरोबर आहे. किल्ली गेली की ८७ पण खोलीतून जाईल, 'दुरुस्तीसाठी'. आणि पुसलं, तर बाड राहील आणि मी त्यावर बसून राहीन. गप्प.
पुसायला उघडलं. नोटेखाली कुणा अनोळखी बाईंनी लिहिलंय: पुढच्या आठवड्यात बनारसला येते आहे, हे बाड बघायला मिळेल का?
पोथी बघायला मिळेल का, असं दिवाळीपासून कुणी विचारलं नव्हतं.
उत्तर लिहायला घेतलं, एका बोटाने. 'अवश्य यावे. वेळ दहा ते पाच. बाड मी स्वतः' इथवर आलो.
पावणेअकरा. नोट अजून जागेवर. खाली अध्यक्षांची गाडी लागली आहे.